वेबसाइट नेमकी कुणी बिघडवली?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिली तीन वाचताना वाटत होतं, एकाच घरातली माणसं तीन वेगळ्या दारांनी बाहेर येऊन माझ्याशी बोलताहेत. एक पैसे देणारी, एक प्रोग्रॅमर, एक डिझायनर. कुणी कुणाला ओळखत नाही. तिघांनी एकमेकांची पत्रं वाचावीत म्हणून मी ती मुद्दाम शेजारी शेजारी लावली आहेत.

नव्या वाचकांसाठी माझ्याविषयी थोडं. १९९८ साली सांगलीत, खणभागातल्या एका छापखान्यात मी संगणकावर लग्नपत्रिका जुळवायला लागले. २००६ पासून वेबसाइटची कामं करते. डिझाइन मी करते, प्रोग्रॅमिंग माझे भागीदार करतात, आणि विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत आमची टेबलं समोरासमोर आहेत. ती समोरासमोर का आहेत, हे खालच्या उत्तरांत येईलच.

प्रश्न: ताई, सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं आणि बेदाण्याचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. घाऊक चालतंच, पण किरकोळ विक्री घरपोच सुरू करावी म्हणून मी घरच्यांना राजी केलं आणि वेबसाइट करून घेतली. डिझायनर पुण्याचा, प्रोग्रॅमर कोल्हापूरचा. वेबसाइट देखणी आहे, पण पाच महिन्यांत आलेल्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. डिझायनर म्हणतो, प्रोग्रॅमरनं माझं डिझाइन नीट उतरवलं नाही. प्रोग्रॅमर म्हणतो, डिझाइनच जड होतं. आणि दोघंही म्हणतात, तुम्ही मजकूर वेळेवर दिला नाहीत. सासरे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. चूक नेमकी कुणाची? – एक सूनबाई, सांगली

उत्तर: तुम्ही पत्ता कळवला होता म्हणून मी तुमची वेबसाइट यार्डातच उघडून पाहिली. दुपारी एक वाजता, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, उन्हात उभी राहून, माझ्या साध्या फोनवर. तुमचं गिऱ्हाईक ती अशीच कुठेतरी बघणार. पुण्यातल्या मोठ्या पडद्यावर, गारव्याच्या खोलीत बसून नाही.

आधी हळदीच्या रानावरून उडत जाणारा व्हिडिओ आला. म्हणजे बराच वेळ आलाच नाही, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मग पिवळ्या पार्श्वभूमीवर फिकट करड्या अक्षरांत तुमच्या घराण्याचा इतिहास दिसला. उन्हात मला त्यातला एकही शब्द वाचता आला नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक निदान साडेचारास एक असावा, असं वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत सांगितलं आहे. तो मोजायची फुकट साधनं आहेत. तुमच्या डिझायनरला सांगा, तो दोन मिनिटांत मोजेल.

मग मी पाव किलो हळद पूड मागवायला गेले. भाव दिसेना. भाव बघायला नोंदणी, नोंदणीला ईमेल सक्तीचा. यार्डात हळद घ्यायला येणाऱ्या कितीजणांना आपला ईमेल पाठ असतो? त्यांच्याकडे फोन नंबर असतो. तो मात्र तुमच्या फॉर्ममध्ये सक्तीचा नाही. नावाला दोन चौकोन, पहिलं नाव आणि आडनाव. आपल्याकडची माणसं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लिहितात. ते कुठे लिहायचं म्हणून मीसुद्धा क्षणभर थांबले. पत्त्यात घर क्रमांक सक्तीचा. 'मु. पो.'नं सुरू होणाऱ्या पत्त्याच्या माणसानं तिथे काय लिहावं? एवढं सगळं पार करून शेवटच्या पानावर गेल्यावर कळलं की पाठवणीचा खर्च वेगळा आहे. त्या क्षणी मीही फोन खिशात टाकला असता.

चूक कुणाची, हे तुम्ही विचारलंत. डिझायनरनं देखणं पान काढलं, कारण त्याच्याकडे देखणं पानच मागितलं होतं. प्रोग्रॅमरनं नोंदणीपासून पैसे भरण्यापर्यंत सगळं चालतं करून दिलं, आणि ते खरंच चालतं, मी तपासलं. तुम्ही तीन पिढ्यांचा इतिहास लिहून दिलात. पाव किलो हळद मागवणाऱ्या बाईचं काम मात्र तिघांपैकी कुणाच्याच यादीत नव्हतं.

मेल्विन कॉन्वे नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की काम करणारी माणसं एकमेकांशी ज्या पद्धतीनं बोलतात, त्याच पद्धतीची रचना त्यांच्या हातून तयार होते. तुमचे दोघं एकदाही समोरासमोर बसले नाहीत. निरोप तुमच्या फोनवरून जात होते. वेबसाइटसुद्धा तशीच झाली आहे. वरचं पान एकाचं, आतलं दुसऱ्याचं, आणि मध्ये दार नाही.

आता काय करायचं ते सांगते. दोघांना एक दिवस सांगलीला बोलवा. प्रवासाचा खर्च द्या, तो वाया जाणार नाही. कार्यालयात बसवू नका, दुकानात गल्ल्याजवळ दोन तास उभं करा, आणि गिऱ्हाइकं काय विचारतात ते नुसतं ऐकू द्या. सेलम आहे का राजापुरी? हळकुंड नको, पूड करून द्याल का? बेदाणा याच हंगामाचा का कोल्ड स्टोरेजमधला? हिरवा गोड असतो का पिवळा? तुमच्या सासऱ्यांना ही उत्तरं झोपेतही देता येतील, म्हणून ती कुणी लिहून काढायला हवीत हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. वेबसाइटचा खरा मजकूर तोच. मजकुराच्या बाबतीत ते दोघं तुमच्यावर चिडले ते बरोबर होतं. फक्त त्यांनाही नेमकं काय मागायचं ते कळलं नव्हतं. पाकिटात काय आहे, वजन किती, पाठवणीसकट भाव किती, किती दिवसांत पोहोचेल, पाकीट फुटून आलं तर काय. हे आधी कागदावर आणा आणि मगच रंगांचं बोला.

ते दोघं आलेले असताना आणखी एक गोष्ट समोरासमोर मिटवा. वेबसाइटवर भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे माल त्या त्या भागाचाच अशा अधिकृत ओळखीचं, चिन्ह लावलं आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, हे खरं. पण ते चिन्ह वापरायचं तर १९९९ च्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद असावी लागते. डिझायनरला ते शोभून दिसलं म्हणून त्यानं लावलं. त्याला हे कसं माहीत असणार? तुमच्या सासऱ्यांना माहीत असेल, पण त्यांना ते पान कुणी दाखवलंच नाही.

नंतर पाच माणसं गोळा करा. ओळखीची चालतील, पण वेबसाइट आधी न पाहिलेली. एक आत्याबाई, एक कॉलेजातला मुलगा, यार्डातला एखादा हमाल, शेजारच्या शिक्षिका, असं वेगवेगळं. प्रत्येकाच्या हातात त्याचा स्वतःचाच फोन असू द्या आणि सांगा, "नागपूरच्या बहिणीला पाव किलो हळद आणि अर्धा किलो बेदाणा पाठवा." मग तिघंही मागे गप्प उभे राहा. हे फार अवघड जातं. 'अहो, ते खाली बटण आहे ना' असं तोंडावर येतं, ते गिळायचं. वेबसाइट लोकांना कशी वापरता येते याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं की अशा पाच माणसांतच साधारण ८५ टक्के अडचणी दिसून येतात, आणि पंधरा माणसांना एकदा बसवण्यापेक्षा पाच-पाचांना तीन वेळा बसवावं, दर खेपेला दुरुस्ती करून. आकडा त्यांच्या हिशेबाचा आहे. माझा अनुभव असा, की तिसऱ्या माणसालाच डिझायनर आणि प्रोग्रॅमर एकमेकांकडे बघायला लागतात. त्यांचं भांडण तिथे संपतं, कारण कोण बरोबर हा प्रश्न उरत नाही. आत्याबाई कुठे अडकल्या ते दोघांनीही आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

छापखान्यात आमच्याकडे गिऱ्हाइकाला प्रूफ वाचायला बसवायचे आणि खाली 'छापावे' लिहून सही घ्यायचे. मालक बजावायचे, "पत्रिकेतली नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून वाचून आण, मगच सही कर." नवरदेव स्वतः वाचायचा आणि चुलत्याच्या नावातली चूक हमखास निसटायची. म्हाताऱ्या आजी अक्षर अक्षर लावत वाचायच्या, त्यांना ती सापडायची. तुमच्या वेबसाइटचं प्रूफ तुम्ही तिघांनीच वाचलंत.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे तेही याच भेटीत बघा. डिझायनरच्या खात्यावर असेल तर तुमच्या नावावर करून घ्या. यात अविश्वासाचं काही नाही. दुकानाचा फलक दुकानदाराच्या नावावर असतो, इतकंच.

प्रश्न: मी विट्यात घरूनच प्रोग्रॅमिंग करतो. कामं एका डिझायनरमार्फत येतात. क्लायंटला मी सहसा भेटलेलो नसतो. डिझाइन मंजूर होऊन माझ्याकडे येतं, मी बांधतो, आणि मग रोज रात्री अकराला क्लायंटचे व्हॉइस मेसेज सुरू होतात. हे हलवा, ते मोठं करा, हे काढा. 'एवढंसं तर आहे' असं म्हणतात. पैसे वाढत नाहीत. नाही कसं म्हणायचं? – प्रोग्रॅमर, विटा

उत्तर: तुमच्या पत्रातलं तिसरं वाक्य पुन्हा वाचा. क्लायंटला तुम्ही भेटलेले नसता. रात्री अकराचे मेसेज तिथून सुरू होतात. नाही म्हणायचं कसं ते सांगते, पण आधी माझ्याकडची एक गोष्ट ऐका.

तासगाव रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचं काम आमच्याकडे होतं. मालक मला दर आठवड्याला फोन करायचे, फोटो बदला. झुंबराचा फोटो वर घ्या, स्टेजचा मोठा करा, जेवणघराचा पहिला लावा. चार वेळा बदलले. पाचव्या वेळी मी भागीदारांना घेऊन तिथे गेले आणि विचारलं, "काका, काय करायचं ते नंतर बघू. तुमच्याकडे काय घडतंय ते सांगा." ते म्हणाले, फोन थांबत नाहीत, आणि सगळे एकच विचारतात, अमुक तारीख मोकळी आहे का? फोटो नीट असते तर लोकांनी एवढे फोन केले नसते, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. लोकांना फोटो आवडतच होते. त्यांना तारीख हवी होती, आणि वेबसाइटवर तारखा नव्हत्याच.

मग मी तारखांचं पान काढलं. घेतलेली तारीख लाल, मोकळी हिरवी. भागीदारांनी तिथेच थांबवलं. त्यांच्या भावाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. म्हणून रंगाबरोबर 'राखीव' हा शब्दही लिहिला. नंतर कार्यालयाचे व्यवस्थापक चहा घेऊन आले. तोवर त्यांना आम्ही काही विचारलंच नव्हतं. त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "पण लोक महिना विचारत नाहीत. तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिला मुहूर्त कुठला, वैशाखात काय शिल्लक आहे, असं विचारतात." आणि पुढे म्हणाले, "शिवाय एका तारखेला दोन घरं असतात. सकाळी साखरपुडा, संध्याकाळी बारसं." भागीदारांचा चेहरा उतरला. त्यांनी आतली रचना एका तारखेला एकच नोंद अशी बांधली होती, आणि ती बदलणं हे 'एवढंसं' काम नव्हतं. चार दिवस गेले. त्या माणसाला पहिल्याच दिवशी बोलावलं असतं तर तो प्रश्न पहिल्या तासात सुटला असता.

पण उपाय मात्र प्रोग्रॅमिंगच्याच बाजूनं आला. व्यवस्थापक सगळं एका लाल वहीत लिहायचे. संगणकावर बसून तारखा भरणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि मी त्यासाठी एक मोठं पान आखत बसले होते. भागीदार म्हणाले, "नको. त्यांच्या फोनवर तीनच गोष्टींचा फॉर्म देऊ. तारीख, सकाळ का संध्याकाळ, घेतली का सोडली." आजही ते वहीत लिहितात आणि लगेच फोनवर तीन टिचक्या मारतात. हे मला सुचलं नसतं. काय बांधायला सोपं आणि काय टिकेल, हे प्रोग्रॅमरला दिसतं. म्हणून तुम्हाला पहिल्या बैठकीत बसवलंच पाहिजे. हे तुम्ही डिझायनरकडे अटच म्हणून मागा. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल.

आता बदलांविषयी. क्लायंटला म्हणा, व्हॉइस मेसेज जरूर पाठवा, पण बटण मोठं करा असं सांगण्याऐवजी काल कोण अडलं ते सांगा. बटण मोठं करा म्हटलं की तुम्हाला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. 'एका बाईंना पैसे भरायची जागा सापडली नाही' असं कळलं तर तुम्ही आणि डिझायनर विचार करू शकता, आणि कधीकधी बटण मोठं न करता वरचं एक चित्र काढूनच काम होतं. हे सगळं आठवड्याच्या एका ठरलेल्या वाराला तिघांनी अर्धा तास फोनवर बसून बघायचं. रात्री अकराला नाही. माझा अनुभव आहे की आठवडाभर थांबल्यावर निम्मे बदल मागणाऱ्यालाच नकोसे होतात.

पैशाचं आधीच लिहून ठेवा. किती फेऱ्या ठरलेल्या रकमेत, त्यापुढे दिवसाचा दर काय. आतली रचना बदलावी लागली तर वेगळा हिशेब. लिहिताना प्रोग्रॅमची मालकी कुणाची हेही लिहा. तुम्ही कुणाच्या पगारावर नाही, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमचे पहिले मालक तुम्हीच. हक्क क्लायंटला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांचाच धरला जातो. पुष्कळ क्लायंटना वाटतं पैसे दिले की सगळं आपलं झालं. ते मनात धरून बसतात, आणि पुढे कटुता येते. काम सुरू व्हायच्या आधी शांतपणे समजावून सांगा. तुमच्याविषयीचा विश्वास त्यानं वाढेलच.

प्रश्न: ताई, मी डिझाइन शिकून नुकतीच कामाला लागले आहे. मराठी वेबसाइटचं माझं पहिलंच काम आहे. मी फाइलमध्ये काढलेलं आणि प्रत्यक्षात आलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शीर्षकांतली अक्षरं सुटी सुटी दिसतात, वरच्या मात्रा कापल्या जातात, जाड अक्षरं शाई पसरल्यासारखी दिसतात. प्रोग्रॅमर दादा म्हणतात, सगळं तुझ्या फाइलप्रमाणेच केलंय. शीर्षकांची चित्रं करून टाकायला सांगू का? – एक मुलगी, मिरज

उत्तर: दादा खरं बोलताहेत गं. तू पाठवलेली फाइल मी उघडून पाहिली. चूक तिच्यात आहे, आणि ती तुझी एकटीची नाही. आपल्याला सगळं इंग्रजी अक्षरं समोर ठेवून शिकवलं जातं.

शीर्षकाला तू अक्षरांमधलं अंतर वाढवलं आहेस. रोमन अक्षरांना ते शोभतं, कारण ती सुटीच असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. अंतर वाढवलं की रेषाच तुटते आणि 'सांगली'चे तीन तुकडे होतात. देवनागरीत ते अंतर शून्यच ठेव. ओळींमधलं अंतर तू अक्षराच्या सव्वापट दिलं आहेस. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. मी मजकुराला दीडपटीच्या खाली कधी जात नाही, पुष्कळदा पावणेदोनपट देते. शाई पसरल्यासारखी जाड अक्षरं दिसतात त्याचं कारण वेगळं आहे. तू फॉन्टची पाच वजनं, म्हणजे बारीक-जाड प्रकार, वापरलीस, दादांनी वेबसाइटवर दोनच चढवली. नसलेलं वजन ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून बनवतो, आणि 'ष', 'क्ष' आतून भरून जातात. पण दादांनी तसं का केलं हे विचारलंस का? जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड होतात, प्रत्येक वजनाची सहसा वेगळी फाइल. पाचही चढवल्या असत्या तर एसटीत बसून वेबसाइट उघडणाऱ्याला ताटकळावं लागलं असतं. त्यांनी वाचणाऱ्याचा विचार केला. तुला सांगितलं मात्र नाही, तेवढं त्यांचं चुकलं. दोघं मिळून दोन वजनं ठरवा आणि तू त्यातच डिझाइन बसव.

त्यांना एक विनंती कर. पानाच्या आतल्या कोडमध्ये भाषेच्या जागी 'मराठी' अशी खूण करून द्यायला सांग. 'ल' आणि 'श' ही अक्षरं मराठीत आणि हिंदीत वेगळ्या वळणानं काढतात. फॉन्टात सोय असेल तर त्या एका खुणेनं मराठी वळण येतं. पुष्कळ मराठी वेबसाइटांवर ती खूण इंग्रजीचीच राहिलेली असते. ते पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण ती बदलायला एक मिनिट लागतं.

आणि नमुन्याचा मजकूर म्हणून ते लॅटिन शब्द यापुढे वापरू नकोस. क्लायंटकडचा खरा मजकूर घे. तो आला नसेल तर निदान 'दुसऱ्या', 'कैऱ्या', 'वाङ्मय', 'ऱ्हस्व', असे शब्द मुद्दाम घाल. जे तुटायचं ते तुझ्यासमोरच तुटू दे.

तू मिरजेची आहेस. सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन बस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच गल्लीच्या कामाला. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांचा नाद जुळवताना, मी पाहिली आहे. गाणारा समोर बसलेला असतो. कारागीर तारांखालची घोडी हलकेच घासतो, तार छेडतो, गाणारा म्हणतो अजून थोडी खुली हवी, तो पुन्हा घासतो. कागदावर माप लिहून देऊन ते काम होत नाही. तुझी फाइल हे नुसतं माप आहे. दादांच्या शेजारी खुर्ची घेऊन बस, ते बदलत असताना बघ, बोल. एका दुपारी होईल.

शीर्षकांची चित्रं करू का, हे विचारलंस. नको. हे मी तुला कळकळीनं सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा एका संस्थेनं मदतीचे फोन नंबर आपल्या वेबसाइटवर टाकले. तो फलक मी केला होता. सुंदर दिसावा म्हणून सगळे नंबर चित्रात घातले. वीज नव्हती, फोनला रेंज धड नव्हती, आणि ते चित्र लोकांच्या फोनवर उमटलंच नाही. ज्यांच्याकडे उमटलं त्यांना नंबरवर बोट ठेवून फोन लावता येईना. कागदावर उतरवून घ्यावा लागे, आणि कागद भिजलेले. साधी अक्षरं टाकली असती तर ती पहिल्या फटक्यात आली असती. भागीदार त्या दिवशी कोल्हापूरच्या बाजूला अडकले होते, माझं त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलणं झालं तेव्हा त्यांनी दहा मिनिटांत ते अक्षरांत बदललं. तो मधला एक दिवस माझ्या मनातून अजून जात नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाचा फोन पानावरची अक्षरं वाचून दाखवतो, त्यालाही चित्रातलं सहसा नीट कळत नाही. अक्षरं अक्षरांच्याच रूपात राहू देत.

प्रश्न: पलूस तालुक्यातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयासाठी वेबसाइट करावी असा प्रस्ताव आला आहे. वर्गणीच्या पैशातून खर्च होणार. करावी का? – कार्यवाह

उत्तर: आत्ता नको. तुमच्या पत्रावरून दिसतं की लोक दोनच गोष्टी विचारतात, वाचनालय किती वाजता उघडं असतं आणि अमुक पुस्तक आहे का. पहिल्यासाठी गूगलच्या नकाशावर वाचनालयाची जागा, वेळा आणि फोन नंबर नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. दुसऱ्यासाठी तुमच्या ग्रंथपालांकडून पुस्तकांची यादी साध्या तक्त्यात, युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, भरून घ्या. जुन्या फॉन्टात मुळीच नको, दुसऱ्याच्या संगणकावर तिची अक्षरं वाचता येणार नाहीत. मीही २००७ मध्ये एका शाळेची सगळी माहिती जुन्या फॉन्टात टाकून बसले होते, आणि नंतर पानन् पान पुन्हा टंकावं लागलं. लेखकाचं आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत भरा. उद्या वेबसाइट करायची ठरली तर प्रोग्रॅमरला ही यादी जशीच्या तशी वापरता येईल. नकाशावर टाकायचा फलकाचा फोटो सकाळी काढा. दुपारी ऊन पत्र्यावर चमकतं आणि नाव वाचता येत नाही.